भिंतीवरचा सूर्य

मित्रांनो, मी एक जुना लंबकाचा घड्याळबुवा आहे. वय शंभरच्या पुढे, पण आवाज अजून खणखणीत. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, एका बंदराच्या गावात, मी काही वर्षे सूर्याचे काम केले आहे. हसू नका, खरेच सांगतो.

मला तिथे आणले मेंडेल ग्लूकमान यांनी. पाठीवर कापडाचे गठ्ठे घेऊन ते दारोदार फिरत. पुढे स्वतःचे दुकान झाले, तेव्हा त्यांनी पहिली हौस केली ती माझी. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने हिब्रू अक्षरांत तीन नावे लिहिली. स्वतःचे, पत्नी फ्रूमाचे आणि लेक रोसाचे.

ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. पण आमच्या गावात उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात उगवतच नाही. मेंडेलनी ठरवून टाकले, "आपला सूर्यास्त म्हणजे या घड्याळाचे संध्याकाळचे सहा." मी सहा टोले दिले की फ्रूमा मेणबत्त्या लावायची. त्याआधी मला आठवड्याची चावी मिळायची, कारण शनिवारी चावी द्यायची नाही. गावकरी म्हणायचे, मेंडेलचा सूर्य भिंतीवर टांगलेला आहे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

एकदा जून महिन्यात गंमत झाली. दुकानात माल उतरवून दमलेले मेंडेल गुरुवारी जे झोपले, ते माझ्या सहा टोल्यांनी दचकून उठले. खिडकीत लख्ख ऊन. "फ्रूमा, ऊठ! शुक्रवार सगळा झोपेत गेला, शब्बाथ आला!" फ्रूमाने डोळे चोळत मेणबत्त्या लावल्या. दोन तासांनी शेजारची रिस्टेन दोरा घ्यायला आली.

"मेंडेलभाऊ, दुकान बंद? कुणी गेलं की काय?"

"अगं, शब्बाथ आहे."

"कसला शब्बाथ? आत्ता शुक्रवारची सकाळ आहे! ते सकाळचे सहा होते!"

मेंडेल मटकन खाली बसले. फ्रूमा म्हणाली, "लावल्या त्या लावल्या. आता पाळा दीड दिवस." त्या वेळी गाव पोट धरून हसले. मित्रांनो, चूक माझी नव्हती. मी सहा वाजवले, ते बरोबरच होते!

त्या दिवसापासून रिस्टेनने एक काम अंगावर घेतले. दर शुक्रवारी ती आपल्या बाजूने मधल्या भिंतीवर तीनदा टकटक करी आणि ओरडे, "संध्याकाळचे सहा, हं!" ती सामी होती, म्हणजे उत्तरेकडच्या रेनडिअर पाळणाऱ्या मूळ लोकांपैकी. घरची भाषा बोलली म्हणून शाळेत तिने छड्या खाल्ल्या होत्या. चारचौघांत वेगळे असणे म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होते.

मग युद्ध आले. जर्मनांनी नॉर्वे घेतले आणि ज्यू म्हणून मेंडेलना दुकानातून धरून नेले. फ्रूमाने मला रिस्टेनच्या हवाली केले आणि रिस्टेनच्या भावाने मायलेकींना डोंगरापलीकडे स्वीडनमध्ये पोहोचवले. आठ दिवसांनी पोलीस ज्यूंचे सामान शोधत रिस्टेनकडे आला.

"हे घड्याळ कुणाचं?"

"माझं."

"तुम्हा लोकांना कशाला लागतं घड्याळ? वेळ रेनडिअरना विचारता ना?"

"रेनडिअर बरोबर सांगतात. पण पाहुणा किती वेळ बसला, ते त्यांना मोजता येत नाही."

त्याचा हात माझ्या दाराकडे गेला. दार उघडले असते, तर आतली अक्षरे दिसली असती आणि रिस्टेनही गेली असती. मी इतका घाबरलो, की टिकटिक थांबते की काय असे वाटले.

"उघडा खुशाल," ती म्हणाली. "लंबक निखळला, तर बसवून द्यायचा मात्र तुम्ही."

त्याने हात मागे घेतला आणि चालता झाला. मग रिस्टेनने आधी घराच्या दाराला कडी घातली.

युद्ध संपेपर्यंत दर शुक्रवारी तिने मला चावी दिली. भिंतीपलीकडचे घर रिकामे होते. तरी ती टकटक करून सांगायचीच, "संध्याकाळचे सहा, हं!"

युद्ध संपल्यावर उन्हाळ्यात फ्रूमा आणि रोसा परत आल्या. मेंडेल आले नाहीत, कधीच आले नाहीत. शुक्रवार होता. रिस्टेनच्या स्वयंपाकघरात मी सहा टोले दिले. फ्रूमा जागची हलली नाही. "आता कुणासाठी लावू?" ती म्हणाली.

रिस्टेन उठली, भिंतीपाशी गेली आणि तीनदा टकटक केली. "संध्याकाळचे सहा, हं!"

फ्रूमा रडली, मग रडता रडता हसली आणि तिने काडेपेटी मागितली.

आज मी रोसाच्या नातीच्या घरी आहे. मुले हातातल्या फोनवर वेळ बघतात आणि माझी चावी विसरतात. मुलांनो, जुन्या वस्तूंना जपा, मलाही वेळेवर चावी द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. मी नुसते सहा वाजवतो. सकाळचे की संध्याकाळचे, ते मला आजवर सांगता आलेले नाही. त्याला शेजारी लागतो. म्हणून शेजाऱ्यालाही जपा.

रिस्टेनच्या नातीचा दर शुक्रवारी फोन येतो. ती काय म्हणते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.