मण्याची काळी रेघ

सदर भागातल्या एका सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर गगनानंद महाराज एकेका रोग्याच्या तळहातावर करडा मणी घासत. काळी रेघ उमटली की म्हणत, "पाहून घ्या, बिमारी बाहेर येऊन राहिली." मणी म्हणे आकाशातून पडलेल्या उल्केचा. रोज सहाणेवर उगाळून प्यायचा, की गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळं साफ.

सोनिकानं तिथून एक मणी सासूसाठी, यमुताईंसाठी आणला. ती स्वतः धातूंच्या प्रयोगशाळेत होती; लेसर मारून वस्तूत काय काय आहे ते शोधणं हेच तिचं काम. सहकाऱ्यांना मात्र तिनं मण्याचं कळू दिलं नाही. यमुताईंचे गुडघे फार ठणकत होते. घेऊन पाहायला काय जातं, असं तिला वाटलं.

दोन महिन्यांत यमुताईंच्या पोटात कळा येऊ लागल्या, अंगातलं रक्त कमी झालं. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काही औषध घेता का? यमुताईंनी सुनेकडे पाहिलं.

"नाही," सोनिका म्हणाली.

मण्याचं सांगायची तिला लाज वाटली, आणि घरी येईपर्यंत त्या एका शब्दाची. दुसऱ्या दिवशी तिनं मणी लेसरखाली ठेवला. लखकन ठिणगी उडाली. मण्याचा कणभर भाग तापून त्याची झगझगीत वाफ झाली. अशा उजेडात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगाच्या रेषा सोडतं. उल्केचं लोखंड असतं तर लोखंडाच्या, निकेलच्या रेषा दिसल्या असत्या. पडद्यावर होत्या शिशाच्या. तिनं तीनदा तपासलं. तेच.

तिनं आधी डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं सांगितलं. रक्तात शिसं निघालं, उपचार सुरू झाले. मग ती सासूजवळ बसली. "आई, मी खोटं बोलली."

"मले बी सांगता येत होतं वं," यमुताई म्हणाल्या. "पण तू शिकलेली. तूच आणला, म्हणून मी चूप राहिली."

पुढच्या रविवारी सोनिका महाराजांच्या मंचावर चढली. मण्यानं पांढऱ्या कागदावर तशीच काळी रेघ ओढून तिनं विचारलं, हा कागद बिमार आहे का? शिसं नरम असतं, कशावरही घासलं तरी रेघ उठते. आणि पोटात गेलं तर विष होतं.

"मशीनले श्रद्धा समजत नाही, बेटी," महाराज हसले. काही जणांनी तिला खाली उतरायला सांगितलं.

ती उतरली नाही. मान खाली घालूनच बोलली, "मी हे विष माझ्या हातानं सासूले पाजलं. माझ्याजवळ यंत्र होतं, तरी विचारलं नाही. तुमच्याजवळ यंत्र नाही, पण विचारता तर येते. मणी घेतला असेल, तर आजच डॉक्टरले सांगा. लाजू नका."

पहिल्या रांगेतली एक बाई उठली आणि रक्त कुठं तपासतात ते विचारू लागली.