वरच्या खोलीतल्या रेघा

मी फायरवॉल बोलतेय. एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये मी दारावर बसलेली असते. ओळख ना पाळख, अशा कुणालाही आत सोडायचं नाही, हे माझं जन्मापासूनचं काम. सगळं सुरळीत असताना मला कुणी विचारत नाही. काही अडलं की मगच माझी आठवण होते, तीही शिव्यांसकट.

या मुलीची ताई मोठ्या आजारातून नुकतीच घरी आली होती. दोघी बहिणी लहानपणापासून एकाच खोलीत वाढलेल्या. आता मात्र ताई वरच्या खोलीत एकटी. साधी सर्दीसुद्धा तिला झेपायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई तेवढी तोंडाला मास्क लावून तिचं ताट ठेवून यायची. ताईच्या तोंडात फोड आलेले, त्यामुळे फोनवरही बोलता येईना. म्हणून दोघींनी आपापल्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम टाकला. एकीने रेघ ओढली की ती दुसरीच्या पडद्यावर उमटणार.

प्रोग्राम सुरू होताच मी रीतीप्रमाणे विचारलं, "याला परवानगी द्यायची का?" मुलीने न वाचताच 'रद्द' दाबलं. माणसं माझं लिहिलेलं वाचतात कुठे? झालं! ताईच्या रेघा दाराशी यायच्या आणि मी त्यांना माघारी धाडायचे. त्या कुणाच्या हातच्या, हे मला कुठून कळणार?

मुलगी कोऱ्या पडद्याकडे बघत बसायची.

"आई, ताईला माझा कंटाळा आलाय का गं?"

"काहीतरीच काय! दमत असेल ती."

मग तिने प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला, वायफायला नावं ठेवली. साप समजून भुई धोपटणं चाललं होतं. तेवढ्यात फोनवर ताईचा मेसेज आला. 'सकाळपासून काढतेय. तुला नको असेल तर तसं सांग.'

"अगं, इथे काहीच येत नाहीये!" ती वरच्या छताकडे बघून ओरडली.

मग तिने मला क्षणभर बंद करून पाहिलं. पडद्यावर भराभर रेघा उमटल्या.

"म्हणजे ही बया आडवी आली होती!"

मला लगेच पुन्हा जागं केलं आणि घरच्या नेटवर्कपुरती त्या एका प्रोग्रामला परवानगी दिली.

ताईने त्यांची जुनी खोली काढली होती. दोन पलंग, त्यातला एक रिकामा. मुलीने त्यावर स्वतःला काढलं, तोंड उघडं टाकून घोरताना. वरून हसण्याचा आवाज आला, मागोमाग "आई गं!" तोंड दुखलं असणार. खाली ही हसता हसता रडायला लागली.

गेल्या आठवड्यात ताईला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. तिचा लॅपटॉप वर मिटून ठेवलाय. मुलगी मात्र रोज संध्याकाळी प्रोग्राम उघडते आणि एक चेहरा अर्धाच काढून ठेवते.

"पुरा का करत नाहीस?" काल आईने विचारलं.

"डोळे ताईच काढते नेहमी."

तुमच्यापैकी कुणाचं त्या दवाखान्यात जाणं झालं, तर ताईला एवढं सांगा, घरी बरेच चेहरे डोळ्यांवाचून खोळंबलेत.