हिरेगुंडीची बोलकी शिळा

हिरेगुंडीत त्या रविवारी देवापेक्षा दगडासमोर गर्दी जास्त होती. तसं गाव दगडांचंच. अक्कलकोटच्या खाली, माळावर हत्तीएवढाले काळे गोल धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे पडलेले, आणि त्यांच्या बेचक्यांतून जुनी वेस, पडका बुरूज, कोरीव खांबांचं महादेवाचं देऊळ. शेकडो वर्षं हे धोंडे गप्प उन्हात पडून होते आणि त्यांच्या गप्प राहण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग शिलानाद महाराज आले, आणि त्यातली एक शिळा एकाएकी न्यायनिवाडे करायला लागली.

महेश्वरी खरं तर देऊळ बघायला आली होती. सोलापुरात तिचा कान-नाक-घशाचा दवाखाना. बरोबर सासूबाई काशम्मा. त्यांनी गाडीतून उतरताच चप्पल काढली आणि देवळाकडे पाठ फिरवून शिळेची वाट धरली. शेजारणीने त्यांना सांगितलं होतं, ही शिळा माणसाच्या आतलं ओळखते.

शिळा पलंगाएवढी लांब, पातळ, दोन धोंड्यांवर टेकलेली आणि खालून मोकळी. तिच्या एका टोकाला भगवं कापड सोडलेलं. त्या कापडाला पाठ लावून बसू नावाचा महाराजांचा शिष्य बसलेला. शिष्य अंगाने इतका भरलेला, की तपश्चर्या नेमकी कोण करतंय असा प्रश्न पडावा.

महाराज सांगत होते, "ही शिळा सत्यलोकाशी जोडलेली आहे. पुण्यवंताने गोटा मारला की नाद उमटतो. पाप्याने मारला की हिची वाचा बसते."

वाचा बसणं हा महेश्वरीच्या धंद्यातला विषय. ती जरा पुढे सरकली.

एक पुढारी आले. महाराज म्हणाले, "शिळामाते, बोल." पुढाऱ्यांनी गोटा मारला आणि घंटेसारखा 'टण्ण' असा स्वच्छ नाद धोंड्याधोंड्यांतून फिरून आला. लोकांनी हात जोडले. पुढाऱ्यांनाही आपल्या पुण्याईचा धक्काच बसलेला दिसला. त्यानंतर एक गरीब म्हातारा आला. महाराज या वेळी म्हणाले, "शिळामाते, साक्ष दे." गोटा बसला आणि आवाज आला तो ओल्या भिंतीवर बुक्की मारावी तसा. म्हाताऱ्याला अमावास्येच्या शुद्धीला काळा बोकड घेऊन यायला सांगण्यात आलं. सत्यलोकात बोकडच लागतो, कोंबडं चालत नाही, हेही कळलं.

मग धुळाप्पा पुढे आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, मेंढरं राखणारा माणूस. मागे त्याची सून पूनम, कडेवर तान्हं मूल. कळपातली मेंढरं पटापट मरत होती आणि सून बाळंत होऊन माहेराहून परतल्यापासूनच हे सुरू झालं, असा घरच्यांचा हिशेब होता. तिनेच करणी केली असं भावकी म्हणत होती. आज शिळा काय म्हणते त्यावर ठरणार होतं. शिळा मुकी राहिली, तर पूनमने मूल सासरी ठेवून माहेरी जायचं.

पूनमने मूल सासऱ्याकडे दिलं आणि गोटा उचलला.

"शिळामाते, साक्ष दे," महाराज म्हणाले.

महेश्वरीची नजर आता महाराजांवर नव्हती, बसूवर होती. ते शब्द कानावर पडताच त्याने आळस दिल्यासारखी पाठ मागे रेलली. ठप्प. शिळा मुकी.

पूनम रडली नाही. ती नुसती मुलाकडे बघत राहिली. धुळाप्पाने मूल छातीशी घट्ट धरलं होतं आणि त्याला सुनेकडे बघवत नव्हतं.

महेश्वरी पुढे झाली. आपण सोलापूरच्या डॉक्टर, आपलीही परीक्षा व्हावी, असं तिने नम्रपणे सांगितलं. डॉक्टर म्हटल्यावर महाराज प्रसन्न झाले. अशी माणसं दरबारात शोभतात. "शिळामाते, बोल," त्यांनी आज्ञा केली.

गोटा उचलून महेश्वरीने मोठ्याने शपथ घेतली, "माझं वय वीस वर्षं आहे आणि माझं अजून लग्न झालेलं नाही."

टण्ण. धोंड्याधोंड्यांतून नाद फिरून आला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग गर्दीतून हसू फुटलं. काशम्मा मात्र हसल्या नाहीत. ज्या सुनेच्या लग्नाचं जेवण त्यांनी स्वतः वाढलं होतं, तिला शिळेने त्यांच्यादेखत कुमारिका ठरवलं होतं. महाराज घाईने म्हणाले, की शिळा आत्म्याचं वय मोजते.

"मग तुमच्या शिष्याला जरा बाजूला बसवा," महेश्वरी म्हणाली. "आत्म्याला त्याची अडचण कशाला?"

बसू समाधीत असल्याने हलू शकत नाही, असं महाराजांनी सांगितलं. तेव्हा काशम्मा पुढे आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे कानडीत फर्मावलं, "एद्देळप्पा." ऊठ रे बाबा, एवढंच. पण त्या आवाजाने काशम्मांची तिन्ही पोरं आजही उठतात. बसूची समाधीही उतरली.

काशम्मांनी भगवं कापड ओढलं. मागे ओल्या वाळूचं पोतं टांगलेलं होतं. बसू रेलला की पोतं शिळेवर दाबलं जायचं.

महेश्वरीने लोकांना जवळ बोलावलं. सांगितलं, की या शिळेत चमत्कार नाही, पण गंमत आहे. घट्ट, पातळ दगड दोनच जागी टेकलेला असला की गोटा मारल्यावर थरथरतो, आणि त्या थरथरीचाच नाद होतो. तांब्याची कळशी वाजवून तिला हात लावा, ती गप्प होते. तसंच हे. "बोल" म्हटलं की बसू सरळ बसायचा, "साक्ष दे" म्हटलं की रेलायचा. सत्यलोकाशी संबंध काय तो एवढाच.

मग तिने पूनमच्या हातात गोटा दिला. नाद उमटला. म्हाताऱ्याने मारला, उमटला. महेश्वरीने पोतं दाबून धरलं आणि पुढाऱ्यांना मारायला लावलं. ठप्प. पुढाऱ्यांना सोलापुरात तातडीचं काम निघालं. महाराजही निघत होते, पण म्हाताऱ्याने त्यांची कफनी धरली होती, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली कुणीतरी पोलिसांना फोन लावला होता.

मेंढरांचं आपल्याला कळत नाही, हे महेश्वरीने धुळाप्पाला सरळ सांगितलं. सरकारी गुरांच्या डॉक्टरांना बोलवा, म्हणाली. त्याने मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते. सुनेजवळ जाऊन त्याने हात जोडले.

"दगड बोलला की गं पोरी. तू खरी हायस."

पूनमने मूल त्याच्याकडून काढून घेतलं.

"मामा, दगड समद्यांसाठी वाजतुया. आज वाजला म्हणून मी खरी, आन् उद्या न्हाय वाजला तर? तुमी मला इचारायचं व्हतं. मला तोंड हाय."

ती पुढे चालू लागली आणि धुळाप्पा घोंगडं सावरत मागून निघाला.

दोन दिवसांनी गुरांचे डॉक्टर आले. कापून नेलेल्या जोंधळ्याला नवे कोवळे फुटवे आले होते, आणि ते खाऊन मेंढरं विषबाधेने मेली होती. त्या रानात कळप धुळाप्पानेच घातला होता. त्याच्यावर करणीचा आळ कुणी घेतला नाही. आळ घ्यायला घरात सून लागते.

हिरेगुंडीला जरूर जा. देऊळ बघा, धोंडे बघा, शिळा वाजवा, पोरांना वाजवू द्या. पण घरच्या माणसाबद्दल काही विचारायचं असेल, तर ते त्या माणसालाच विचारा.