इस्त्रीच्या उबेत

मी पतंग बोलतेय. बोलतेय म्हणायचं इतकंच, कारण मला तोंडच नाही. आमच्या जातीत खाणंपिणं सगळं सुरवंटपणी उरकतं.

तेव्हा मात्र मी हादडलं म्हणजे किती! झुडपाच्या पानामागच्या अंड्यातून निघाले ती पान कुरतडतच. चार वेळा कातडी घट्ट झाली, चार वेळा टाकली. मग वाळक्या फांदीवर कोश विणला आणि हिवाळाभर झोपायचं ठरवलं. शेजारी आणखी एक कोश होता.

ती फांदी सरपणातून शिवणकाम करणाऱ्या मावशीकडे आली. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, मीही म्हणते. “गारठून मरतील बिचारी,” असं म्हणत तिने आम्हाला बटणांच्या डब्यात घातलं आणि डबा इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर ठेवला. घरात ती एकटीच. शिवताना आमच्याशी बोलायची.

ऊब लागली आणि मला वाटलं, थंडी सरली. कोश फोडून बाहेर आले. पंख वाळले, त्यांवरचे चार डोळ्यांसारखे ठिपके बघून मावशी हरखली. तिने भाचीला बोलावलं. भाचीने जाड पुस्तक चाळलं.

“सापडली! ‘जंगलात सर्वत्र आढळणारा पतंग.’ मादी आहे, मिशा बारीक आहेत बघ. नराच्या पिसासारख्या असतात.”

“मग हिचा नवरा कुठाय गं?”

“कोशात झोपलाय, अजून दीड महिना. हे सगळे थंडी सरल्यावर एकदम उठतात. तू ऊब दिलीस, म्हणून ही एकटीच उठली. जगेल फार तर आठवडाभर.”

मावशीचा चेहरा पडला. “मी आपली भलं करायला गेले गं.”

म्हणे सर्वत्र आढळणारी! दुपारी मी नराला बोलावणारा गंध सोडते. तो दूरवर जातो, पण कोणी येत नाही. फार एकटं वाटतं.

मावशी रोज दुपारी माझ्यासाठी खिडकी सताड उघडते आणि शाल गुंडाळून शिवत बसते. कपडे न्यायला येणारे म्हणतात, “मावशी, डोकं फिरलं की काय?” ती शाल सारखी करून पुढचा टाका घालते.

आज सहावा दिवस. काल मी चौकटीवर अंडी घातली. त्यातून काही निघणार नाही, तरी ती चष्मा लावून दहादा बघते.

सकाळी तिने डब्यातला अजून न फुटलेला दुसरा कोश अंगणातल्या लाकडांच्या ढिगात ठेवला आणि रिकाम्या डब्याकडे बघत राहिली. बरं केलंस, मावशी. तो आपल्या गोतावळ्यात जागा होईल.

माझे पंख आता उचलत नाहीत. खिडकी अजून उघडीच आहे, सुई धरलेली तुझी बोटं थरथरतायत. लावून घे ती. गारठा कोशाला हवा असतो गं, तुला नाही.