डावखुरी

अकरा वर्षांतला हा तिचा तिसरा कम्युनिस्ट देश. पहिल्या दोन देशांतून तिची उचलबांगडी झाली होती आणि दोन्ही वेळा ऑफिसात तिचं कौतुकच झालं. हाकलून देतात तो खरा बातमीदार, असं संपादक म्हणायचे. या खेपेला मात्र कडेवर दोन वर्षांची लेक होती. नवरा मायदेशी कॉलेजात शिकवत होता, आणि लेकीला सांभाळायला येणाऱ्या मावशी नसत्या तर तिला घराबाहेर पाऊल टाकता आलं नसतं.

त्या मावशींनीच एकदा बोलता बोलता सांगितलं. सुनेचं तान्हं बाळ बालदवाखान्यात वजनाला नेलं होतं. "काटा मी डोळ्यांनी बघितला, बाई. सव्वातीन किलो. आणि कार्डावर लिहिलं पावणेचार! म्हटलं, अहो, काट्यापासून टेबलापर्यंत अर्धा किलो वाढलं की काय पोर? तर म्हणे, आजीबाई, आकडा वरून ठरून येतो." मावशी खो खो हसल्या. मग पोरीचं तोंड पुसत म्हणाल्या, "भरल्या अंगाच्या बाळाला दुधाची पावडर देत नाहीत ना. आमचं पोर कागदावर गुबगुबीत आहे."

तिने आणखी चार दवाखान्यांबाहेर आयांना गाठलं. सगळीकडे तीच रड.

लिहायला बसली तेव्हा मावशींचं काय करायचं हा प्रश्न आला. परदेशी बातमीदाराच्या घरी रोज येणारी बाई. 'एक आजी म्हणाली' एवढं छापलं असतं तरी तिसऱ्या दिवशी तिला धरली असती. म्हणून तिने आजीची नर्स केली. धंद्यातली जुनी रीत होती ही. बोलणं खरं ठेवायचं, बोलणाऱ्याचा वेष बदलायचा. बातमी फोनवर सांगून झाली तसे संपादक म्हणाले, "अगं, ही नर्स पुठ्ठ्याची वाटते. जरा हाडामांसाची कर की."

एका हाताने लेकीला भरवत ती म्हणाली, "डावखुरी लिहा, सर. डाव्या हाताने वजनं लिहिते. शाई पुसली जाऊन तळहाताची कड निळी झालेली."

"वा!" संपादक म्हणाले.

बातमी पहिल्या पानावर आली. आठ दिवसांनी मावशी आल्या त्या कोट न काढताच दारात उभ्या राहिल्या.

"आमच्या दवाखान्यातली नर्स उचलली हो. कामावरून, सगळ्यांच्या देखत."

"कुठली नर्स?"

"वजनकाट्यावरची. ती नाही का, डाव्या हाताने लिहायची."

तिने लेकीला कडेवरून खाली ठेवलं. त्या दवाखान्यात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. या देशात डावखुऱ्या पोरांना शाळेतच छड्या मारून उजव्या हाताने लिहायला लावतात, हे तिला ठाऊक नव्हतं. अख्ख्या शहरातल्या नर्सांमधून एकच त्यातून सुटली होती, आणि तिने नेमकं तिच्यावर बोट ठेवलं होतं.

तिने मावशींना सगळं सांगितलं. मावशी मटकन खाली बसल्या.

"म्हणजे माझं बोलणं तिच्या तोंडात घातलंत?"

"तुम्हाला वाचवायला, मावशी."

"मला वाचवायला," मावशी पुटपुटल्या. "आता काय करणार?"

"उद्या जाऊन सांगते, की ती नव्हे."

"आणि ते म्हणाले, मग कोण?"

"मी नाव घेणार नाही."

"तुम्ही कशाला घ्याल! पण या घरात तुम्ही, मी आणि ही चिमणी. चिमणी तर अजून बोबडं बोलते."

रात्रभर विचार करून तिने एक वाट काढली. नर्स नव्हतीच, आपण मनाने रचली, असं लिहून द्यायचं. अकरा वर्षांची कमाई मातीत जाणार होती. पुन्हा कुठलंही वर्तमानपत्र दारात उभं करणार नव्हतं आणि त्या बाळांची बातमीही खोटी ठरणार होती. पण दोन्ही बायका सुटल्या असत्या.

परदेशी वार्ताहरांच्या खात्यातला अधिकारी सर्दीने बेजार होता. त्याने तिला अदबीने खुर्ची दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि नाक पुसत फाइल उघडली.

"ती तर कबूल झाली. पहिल्याच रात्री."

त्याने कागद तिच्याकडे फिरवला. नाव, वय बेचाळीस, दवाखान्याच्या पायरीवर भेट झाली, वार्ताहर बाईने तपकिरी कोट घातला होता. तिच्याकडे तपकिरी कोट नव्हता. खाली सही होती, पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखी वेडीवाकडी. उजव्या हाताने केलेली. डावा हात का चालत नव्हता, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

"मी या बाईला पाहिलेलंसुद्धा नाही!"

"असेल. मग बोललं दुसरंच कुणीतरी, आणि ही त्या दुसरीला पाठीशी घालतेय. एकटी बोलली तर अडीच वर्षं. दोघी असल्या तर टोळी होते, बाई. टोळीला दहा." त्याने रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. "तुमच्या घरी कामाला कोण येतं म्हणालात?"

"मी काहीच म्हणाले नाही."

"नाही म्हणालात. तेच बरं."

लिहून आणलेला कागद पर्समध्ये तसाच राहिला. ती जिना कसा उतरली, ट्रॅममध्ये कशी चढली, तिचं तिला कळलं नाही.

घरी मावशी दाराशीच स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर चिमणी, पायाशी कापडी पिशवी.

"घेतलंत नाव?"

"नाही."

"दोन जोड कपडे आणलेत, साबण आणलाय, लोकरीचे मोजे. सुनेला सांगून आले, आज माझी वाट बघू नकोस." मावशींना हुंदका फुटला. "आणि आता काय मेलं मन बघा! मला आनंद होतोय हो, बाई. ती आत आहे आणि मला आनंद होतोय."

तेवढ्यात फोन वाजला. संपादकांचा आवाज खुशीत होता. "अगं, त्यांच्या सरकारी रेडिओनेच सांगितलं, नर्सने कबुली दिली म्हणून! इथे काही शहाणे म्हणत होते, तू मीठमसाला लावलास. बसली त्यांची तोंडं गप्प. उद्या तिचीच कहाणी पहिल्या पानावर. तीच ना गं ही?"

तिने मावशींकडे पाहिलं. 'नव्हे' म्हटलं तर उद्या तेही छापून आलं असतं, आणि खात्यातला तो अधिकारी तिचं वर्तमानपत्र ओळन्‌ओळ वाचायचा.

"हो," ती म्हणाली. "तीच."

"नाव सांग."

फाइलीत वाचलेलं नाव तिने अक्षर अक्षर सोडवून सांगितलं. मावशींना तिची भाषा येत नव्हती, पण नाव कळलं. त्यांचं रडणं थांबलं.

"वय?"

"बेचाळीस."

"मुलंबाळं?"

ते कागदावर नव्हतं. तिने फोनवर हात ठेवला आणि मावशींच्या भाषेत विचारलं, "तिला मुलं किती?"

मावशींनी चिमणीला घट्ट धरलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोन्ही मुली."

तिने हात काढला. "दोन मुली आहेत, सर. लिहा."