बॅनर फाटला, मॅच कुठाय?

वैदेहीला तो लांबट लाल बॉल सरळ मारता यायला लागला आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनासे झाले, असं तिच्या आईचं, मृणालिनीचं, म्हणणं. आईचं फार चुकत नव्हतं. गेल्या वर्षीपर्यंत वैदेही म्हणजे सांता क्लाराच्या हायस्कूलमधली पाठीला बाक काढून चालणारी, उगीचच उंच मुलगी. सॉकरच्या टीमने तिला दोनदा नारळ दिलेला. मग एकदा ती बाबांना डबा द्यायला त्यांच्या ऑफिसात गेली, तर पार्किंग लॉटमध्ये ग्रॅहम नावाचा एक ऑस्ट्रेलियन इंजिनिअर अंड्यासारखा बॉल आभाळात उडवत होता. बॉल गडगडत तिच्याकडे आला. तिने डबा खाली ठेवला आणि लाथ हाणली. बॉल तीन गाड्यांवरून पार!

"मेट!" ग्रॅहम ओरडला. "तू कुठे होतीस इतके दिवस?"

असं तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. झालं, वैदेही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची झाली.

ग्रॅहमचा क्लब पेलिकन्स. तिथे पुरुषांची टीम होती, आता त्याला बायकांची उभी करायची होती. नर्स, कॉलेजच्या दोन पोरी, ग्रोसरी स्टोअरमधली कॅशिअर, शाळेतल्या मैत्रिणी, असं करत करत नऊ जणी जमल्या. इथे मैदानं लहान म्हणून नऊच्या टीमवर भागत होतं. आणि पलीकडे क्युपर्टिनोत डगचा क्लब होता, कोयोटीज. त्यांनीही नऊ जणी जमवल्या. त्यात होती पायल, लहानपणी वैदेहीबरोबर लेझीम खेळलेली आणि आता फोनवर रोज रात्री "तुम्हाला चोपणार बघ" म्हणणारी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी पेलिकन्स विरुद्ध कोयोटीज, असं ग्रॅहम आणि डगने हात मिळवून ठरवलं होतं. वैदेहीने किचनमधल्या कॅलेंडरवर त्या शनिवारभोवती असा काही लाल गोल काढला, की मागच्या पानावरही उमटला.

आणि मग पेपरवाल्याचा फोन आला. गावचा साप्ताहिक पेपर. त्याला छापायचं होतं, "पहिली महिला टीम." पहिली! त्या एका शब्दाने दोन्ही कोचना झपाटलं. ग्रॅहमने मॅच एक आठवडा अलीकडे ओढली, आपल्याच मैदानावर, म्हणजे पेपरात नाव पेलिकन्सचं. कोयोटीजनी पाहुणे म्हणून यावं. डग म्हणाला, पाहुणे कसले, त्याच सकाळी मॅच आमच्या मैदानावर, पेलिकन्सनी यावं.

"पण मग आम्ही खेळायचं कुणाशी?" वैदेहीने प्रॅक्टिसला विचारलं.

"ते येतील," ग्रॅहम म्हणाला. "शेवटी डग नमतो."

रात्री पायल फोनवर म्हणाली, "अगं, डग म्हणतो तुम्हीच येणार. शेवटी ग्रॅहम नमतो म्हणे."

"यार पायल, कुणीच नमणार नाहीये!"

"आय नो! मी सांगितलं तर म्हणाला, यू जस्ट फोकस ऑन युअर किकिंग."

वैदेहीने फोन आपटला. टेबलावर लॅपटॉप उघडून वाय-टू-केचं काम करत बसलेले बाबा, म्हणजे चंद्रशेखर, खो खो हसले. "अगं, हे तर आपलं मंडळच झालं की!"

मंडळाची गोष्ट तिला पाठ होती. पॉटलकचं जेवण नाटकाच्या आधी की नंतर, एवढ्यावरून मराठी मंडळ फुटलं होतं. मग दोन्ही मंडळांनी दिवाळी एकाच संध्याकाळी ठेवली. निम्मी माणसं एकीकडे जेवली आणि दुसरीकडे नाटकाला गेली. बाबा आधी-जेवणवाले, पायलचे बाबा प्रफुल्लकाका नंतर-जेवणवाले. तेव्हापासून दोघं इंडियन स्टोअरमध्ये समोरासमोर आले की मेथीच्या जुड्या निरखत बसत.

"हसू नका ना, बाबा! नाटक तरी झालं होतं तुमचं!"

शनिवार उजाडला. ऑस्ट्रेलियात मॅचआधी टीम क्रेप पेपरच्या मोठ्या बॅनरमधून धावत तो फाडून मैदानात उतरते. आईने गॅरेजमध्ये बसून तो चिकटवला होता. निळ्यावर पिवळी अक्षरं, "पेलिकन्स: पहिल्या!" दोन काठ्यांवर तो उभा राहिला तेव्हा वैदेहीलाही तो आवडला, खोटं कशाला बोला. नऊ जणी धावल्या, कागद फर्रकन फाटला, फोटोग्राफरने क्लिक केलं. पलीकडे मैदान हिरवंगार, चारी खांब उभे, आणि समोर कुणीच नाही.

कुणीच म्हणजे कुणीच नाही. एक म्हातारे आजोबा कुत्रा फिरवत होते, तेवढेच.

"परत एकदा?" फोटोग्राफर म्हणाला. "डोळे मिटले होते कुणीतरी."

मग आईने बॅनरला टेप लावली आणि नऊ जणी पुन्हा धावल्या. ग्रॅहम टाळ्या पिटत होता. "हिस्टरी, गर्ल्स! हिस्टरी!"

"मॅच कुठाय?" वैदेही त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता ती बाक काढून उभी राहत नव्हती, त्यामुळे तिचे डोळे थेट त्याच्या डोळ्यांना भिडले. "दोनदा धावलो आम्ही. बॉलला पायसुद्धा लागला नाही."

"डग घाबरला. म्हणजे आपणच पहिले."

"पहिले कशात? पळण्यात?"

ग्रॅहमने तिच्या खांद्यावर थोपटलं. लहान मुलीला थोपटतात तसं. वैदेहीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने बॉल काखेत मारला, फाटक्या बॅनरचा एक तुकडा कसा कोण जाणे बुटाला चिकटून तसाच ओढत आणला, आणि बाबा जिच्यात बसून होते त्या मिनीव्हॅनचं दार सरकवलं.

"बाबा, क्युपर्टिनो. आत्ता. चला गं, बसतील तेवढ्या बसा!"

वैदेही धरून सहा जणी बसल्या. गाडीभर घामाचा वास आणि एकीचे कोपर दुसरीच्या बरगडीत.

क्युपर्टिनोच्या पार्कात लाल बॅनरच्या चिंध्या वाऱ्यावर उडत होत्या. तिथेही फोटो काढून झाला होता. डग मैदानातले खांब उपटून पिकअपमध्ये टाकत होता. पायल गवतावर बसलेली, तोंड फुगवून. तिच्याबरोबर चार जणी उरल्या होत्या, बाकीच्या घरी.

"डग, खांब ठेव ना," वैदेही म्हणाली. "आम्ही आलोय."

"सॉरी, हनी. इव्हेंट संपला."

"सुरू कधी झाला होता?"

डगने शेवटचा खांब पिकअपमध्ये टाकला. खांब घेऊन पिकअप गेली. वैदेहीला रस्त्यावर बसून किंचाळावंसं वाटत होतं. त्याऐवजी तिने आपली बॅग उचलली आणि मैदानाच्या टोकाला आपटली. मग दुसरीची. मग तिसरीची, चौथीची. चार बॅगा म्हणजे चार खांब. मधल्या दोन बॅगांमधून बॉल गेला तर गोल, सहा पॉइंट. कडेच्या फटीतून गेला तर एक. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पायलने पाण्याच्या बाटल्या मांडल्या. पेलिकन्सची एक जण आळीपाळीने बाहेर.

"आणि मॅच संपणार कधी?" पायलने विचारलं.

"पार्कचे स्प्रिंकलर सुरू झाले की."

पायलला न्यायला आलेले प्रफुल्लकाका उशिरा पोहोचले, नेहमीप्रमाणे. त्यांनी बाबांना पाहिलं, बाबांनी त्यांना पाहिलं. इथे मेथी नव्हती. मग गोल बघायचं काम दोघांनाही हवं झालं. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून दोघं एकाच गोलमागे, बॅगांपाशी. बाटल्यांकडे कुणी फिरकलंच नाही. गोलला दोन झेंडे हलवायचे, एका पॉइंटला एक. झेंडे म्हणजे बॅनरच्या चिंध्या, बाबांकडे बुटाला चिकटून आलेल्या तुकड्याच्या दोन निळ्या, काकांकडे लाल.

आणि मग, अहाहा, मॅच! नर्सने पायलला असं आडवं केलं की काका "अहो, अहो!" करत आत धावले. पायल उठून हसली आणि पुढच्याच मिनिटाला तिने वैदेहीच्या डोक्यावरून झेल घेतला. गुडघे सोलले, गवत दातात गेलं. फोटो काढायला कुणीही नव्हतं.

पेलिकन्स पाच पॉइंटनी मागे होत्या तेव्हा वैदेहीने बॉल झेलला. समोर बॅगा. एक गोल, की जिंकल्या. तिने श्वास घेतला, बॉल सोडला, पाय फिरवला. बॉल हवेत असतानाच फिस्स करत चहूबाजूंनी पाणी उडायला लागलं.

बॉल बॅगांपलीकडे पडला. बाबांनी दोन्ही निळ्या चिंध्या नाचवल्या. काकांनी एकच लाल.

"गोल!" बाबा.

"कसला गोल, चंद्रशेखर? बॅगेच्या बाहेरून गेला!"

"तुम्हाला दिसलं कुठे? चष्म्यावर पाणी आहे तुमच्या!"

"तुमचं मंडळ असंच! आधी जेवायचं, मग नाटकं करायची!"

दोघं भिजत होते आणि भांडत होते, आणि चिंध्यांचा रंग त्यांच्या शर्टांवर ओघळत होता. पायल धापा टाकत आली. "वैदू, ड्रॉ करू या का? यांचं काय संपणार नाही."

"ड्रॉ?" वैदेही एवढ्या जोरात ओरडली की दोन्ही बाबा गप्प झाले. "बाबा, एकच! एकच झेंडा! बाहेरून गेला बॉल. माझी किक आहे, मला नाही कळणार? हरलोय आम्ही, चार पॉइंटनी हरलोय!"

चार पॉइंट! पाय अर्धा इंच आत वळला असता तर! तिने चिखलात बूट आपटला, पुन्हा आपटला. पायलने "जिंकलो!" अशी आरोळी ठोकली आणि ती ऐकून वैदेहीला आणखीच राग आला.

मिनीव्हॅनमध्ये सगळ्या सीट ओल्या झाल्या. बाबांनी आरशातून तिच्याकडे बघितलं.

"वैदू, अगं, मी तुझ्या बाजूने होतो."

"तेच तर ना, बाबा!" वैदेही म्हणाली, आणि बॉल घट्ट पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत बसली.