गंगम्माची डावी चप्पल

माझ्या सासूबाईंना वहम आहे, म्हणजे दुखणं नुसतं मनातलं आहे, हे निदान आधी गावातल्या डॉक्टरांनी केलं आणि मग अख्ख्या वालूरनं. आमच्या किराणा दुकानात गूळ घ्यायला आलेली बाईसुद्धा जाता जाता विचारायची, गंगम्माचा वहम काय म्हणतोय? जसा काही तो आमच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणाच.

कंबर ठणकते आणि डावा पाय आपला वाटतच नाही, असं सासूबाई सांगून थकल्या. डॉक्टर इंजेक्शन टोचायचे, गोळ्या द्यायचे, हसून घरी पाठवायचे. वर्ष असंच गेलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे शिवरुद्रअप्पा, डॉक्टरांच्या सुरात सूर मिसळायचे. दोघांचा मला इतका राग यायचा की तव्यावरची भाकरी करपायची. शेवटी सासूबाई दारातच कोसळल्या, तेव्हा मी कुणालाही न विचारता त्यांना नांदेडला नेलं. तिथे एमआरआय झाला. कमरेतली नस दबलेली होती, आणि तीही फार दिवसांपासून. ऑपरेशननंतर त्या चालायला लागल्या, पण डाव्या पावलाची जाणीव काही परतली नाही. वेळेवर आणलं असतं तर परतली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

मी गावातल्या डॉक्टरांविरुद्ध परभणीच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. सासूबाईंना भरपाईचं काही नव्हतं. आपल्याला वहम नव्हता असं त्या डॉक्टरनं चारचौघांत एकदा म्हणावं, एवढाच त्यांचा हट्ट. डॉक्टरांनी उत्तर दिलं, की पाय बधिर असल्याचं बाईंनी कधी सांगितलं नाही आणि मला तसं काही दिसलंही नाही. आता त्यांना दिसत होतं हे दाखवायचं कसं, म्हणून आमचे वकील दत्तराव डोकं धरून बसले.

सुनावणीला चेहरा दुःखी ठेवा, असं त्यांनी सासूबाईंना बजावलं होतं. पण एसटीत खिडकी मिळाली, सेलूला गरम भजी मिळाली, मग कुठलं दुःख! नवं इरकल, कपाळाला विभूती, अशा ऐटीत त्या आयोगाच्या दारात पोचल्या आणि चपला काढायला लागल्या. इथे काढत नाहीत म्हटलं, तर मलाच झापलं, न्याय मिळतो तिथं चपला घालून जातात का? पाय झटकले आणि आत शिरल्या. एक चप्पल बाहेर राहिली. दुसरी डाव्या पायात तशीच, फटाक फटाक वाजत आत गेली. त्यांच्या मते त्या पुऱ्या अनवाणी होत्या.

डॉक्टर समोरच बसले होते. त्यांच्या दवाखान्यात चपला बाहेर काढायची कडक शिस्त. त्यांनी चष्म्यावरून खाली पाहिलं आणि सवयीनं बोलून गेले.

"आजी, डाव्या पायातली चप्पल काढा. दर वेळी सांगावं लागतं."

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "दर वेळी?"

डॉक्टरांच्या मदतीला सासूबाईच धावल्या.

"व्हय बाईसाहेब, वरीसभर सांगायलेत. पायात हाय का न्हाई, मला कळतच न्हाई की."

दत्तरावांनी तोंडावर रुमाल धरला. मला हसू दाबता दाबता ठसका लागला आणि शिपायानं पाणी आणून दिलं. त्या चप्पल का काढत नाहीत, असं कधी विचारलं का, अध्यक्षबाईंनी डॉक्टरांना विचारलं. नाही, ते म्हणाले, वहम वाटला. मग हळूच म्हणाले, "नव्हता."

निकाल पुढे आमच्या बाजूनं लागला, पण सासूबाईंच्या लेखी तो तिथेच लागला होता. परतीच्या एसटीत त्यांनी अनोळखी बायकांनाही चपलेची गोष्ट सांगितली. कंडक्टरला तर दोनदा.

घरी मामंजी दारात उभे होते. मी हातवारे करून सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले आणि हसता हसता एकदम थांबले. मग उंबऱ्याशी खाली बसून त्यांनी, जन्मात पहिल्यांदा, बायकोच्या डाव्या पायाला हात लावला आणि चप्पल काढली.

"काढली का?" सासूबाईंनी वरूनच विचारलं.

"काढली."

"बगा हं. मला काय बी कळंना. आता मला तुमच्या सांगन्यावर इस्वास ठिवावा लागायलाय."